भोकं नसलेली सनई

शुक्रवार

रिक्षावाल्याने मला कुस्तीच्या मैदानाच्या दारात उतरवले. आत चार-पाच जण फावड्याने लाल माती वरखाली करत होते. मी म्हणालो, मला संगीत महोत्सवाला जायचे आहे.

“मग नुसतं कार्यक्रमाला आलोय असं का म्हणालासा?” त्याने विचारले. “हितं बाहेरनं माणूस कार्यक्रमाला आला म्हंजे कुस्तीलाच आला. फुडल्या आठवड्यात मैदान हाय.”

“माझ्याकडे पाहून तुम्हाला मी पैलवान वाटलो?”

“पैलवान न्हाय वो. पंच वाटलासा.”

त्याने रिक्षा वळवली आणि मला योग्य ठिकाणी पोहोचवले.

महोत्सव कोल्हापूर शहराबाहेर, उसाच्या शेतांना लागून असलेल्या एका नव्या सभागृहात होता. तीन दिवस, आठ देश. निम्मे कलाकार त्या-त्या देशांतल्या मूळ रहिवासी जमातींमधले, आणि त्यांच्या जोडीला कोल्हापूर जिल्ह्यातले वादक आणि गायक. गळीत हंगाम चालू होता. समोरच्या रस्त्यावरून बिद्रीच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जात होते, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या आणि प्रत्येकावर मोठ्या आवाजात गाणी. मंचावर माइकची चाचणी चालू असताना ट्रॅक्टर आला की ध्वनितंत्रज्ञ हात वर करायचा, आणि एका गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढणारा मंगोलियाचा गायक तोंड तसेच उघडे ठेवून ट्रॅक्टर जाण्याची वाट पाहायचा.

मी नागपूरहून महोत्सवावर लिहायला गेलो होतो. आमच्याकडे नवख्या माणसाला आधी विचारतात, कुठून आले. इथे आधी विचारतात, जेवलासा का. ‘हो’ म्हटले तरी ते उत्तर धरले जात नाही. नोंदणीच्या टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत मी दोनदा चहा आणि एकदा उसाचा रस घेतला होता.

टेबलामागे मानसीताई होत्या. कलाकारांची राहण्याची, जेवणाची आणि मंचावरची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. पन्नाशीच्या, मूळच्या कोल्हापूरच्याच. एरवी प्रमाण भाषेत बोलत. चिडल्या की भाषा घरी परत जाई. माझ्या पुढे रांगेत दोन माणसे उभी होती. पांढरे सदरे, पांढरे लेंगे, हातात कापडी पिशव्या. एका पिशवीतून सनईचे पितळी तोंड बाहेर आले होते.

पुढच्याने नाव सांगितले: बशीर. मुरगूडच्या पलीकडे एका खेड्यात त्यांचे घर. गावच्या देवळात रोज सकाळी सनई वाजवण्याचे काम या घराकडे आजोबांच्या आधीपासून आहे. मानसीताईंनी यादीवर खूण केली आणि त्यांना गळ्यात घालायचा एक पास, एक किल्ली आणि जेवणाची कुपने दिली.

“आणि ह्यांचं?” बशीर यांनी मागच्या माणसाकडे बोट केले.

“हे कोण?”

“सूर.”

मानसीताईंनी यादी पुन्हा पाहिली. “सूर म्हणजे?”

“सूर म्हंजे सूर. थोरलं भाऊ माजं. दस्तगीर.”

सनईवादनात दोन माणसे बसतात. एक सनई वाजवतो. दुसऱ्याच्या हातात जे वाद्य असते ते दिसायला सनईसारखेच, पण त्याला बोटांची भोके नसतात. त्यातून एकच स्वर निघतो. वादन सुरू होण्याआधी तो स्वर लागतो आणि वादन संपल्यावर थांबतो. मधे तो तुटता कामा नये. त्या वाद्याला सूर म्हणतात, आणि ते धरणाऱ्या माणसालाही. दस्तगीर चाळीस वर्षे सूर धरत आले आहेत.

मानसीताईंनी फाइलमधून अर्ज काढला. कलाकारांची संख्या या रकान्यात एक असा आकडा होता.

“हा अर्ज कुणी भरला?”

“म्या की,” दस्तगीर म्हणाले. “घरातलं लिवायचं काम माज्याकडंच हाय. का? अक्षर लागत न्हाय?”

“अक्षर सुंदर आहे, चाचा. पण संख्या एक लिहिली आहे.”

“एकच हाय की. एक सनई.”

“मग तुम्ही?”

“म्या सुराला.”

हे संभाषण आणखी थोडा वेळ याच जागी फिरत राहिले. अखेर बशीर यांनी समजावून सांगितले. लग्नघरून निरोप येतो तो ‘एक सनई पाठवा’ असा. दोन माणसे जातात. देवळाच्या वहीत एकाचेच नाव असते. सूर धरणाऱ्याला कोणी मोजत नाही आणि तोही स्वतःला मोजत नाही. त्यांच्या घरात धाकटा सनई वाजवतो आणि थोरला सूर धरतो. वडिलांच्या वेळीही तसेच होते.

“जेवताना मातर दोघांस्नी धरत्यात,” दस्तगीर म्हणाले. “त्येची काळजी नगं.”

जेवणाचा आणि झोपण्याचा प्रश्न मानसीताईंनी तिथेच सोडवला. मंचाचा प्रश्न वेगळा होता. महोत्सवाचे ध्वनिमुद्रण परदेशातली एक संस्था करत होती आणि मंचावर बसणाऱ्या प्रत्येकाचे संमतीपत्र तिच्याकडे आधीच जायला हवे होते. ती मुदत संपली होती. यादीत नाव नसलेल्या माणसाला मंचावर बसवायचे नाही, असे करारात लिहिलेले होते आणि त्या करारावर मानसीताईंची सही होती. त्यांनी विचारून पाहते असे सांगितले. परवानगी मिळाली नाही तर सुरासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता.

“यंत्र?” बशीर म्हणाले.

“बाकीचे वापरतात.”

“बाकीच्यांस्नी भाऊ नसतील. सूर न्हाय तर सनई न्हाय, ताई. रविवारी दुसरं कोण बसवायचं ते बगा.”

“अवो, पत्रिकेत नाव छापलंय तुमचं!” मानसीताईंची भाषा घरी गेली. “आता माघारी कुटं जातासा?”

“मुरगूडला. सव्वापाचची गाडी हाय.”

दस्तगीर यांनी धाकट्या भावाच्या हातातली किल्ली काढून घेतली. “आदी खोली तर बगू,” ते म्हणाले. सव्वापाचची गाडी गेली, हे दोघे राहिले.

संध्याकाळी पहिले वादन डॅनियल यांचे होते. ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका आदिवासी वस्तीतून आले होते, वय चाळिशीच्या पुढे. त्यांचे वाद्य म्हणजे वाळवीने आतून पोखरलेले झाडाचे सरळ खोड, माणसाच्या छातीएवढ्या उंचीचे. बाहेरचे जग त्याला डिजेरिडू म्हणते. त्यांच्याकडचे नाव यिडाकी. त्यातून निघणारा स्वर एकच. तो फुगतो, आकसतो, त्यात ठेका उमटतो, अधूनमधून एखादे जनावर ओरडल्यासारखे होते, पण मूळ स्वर बदलत नाही आणि थांबत नाही. सभागृह भरलेले होते. वीस मिनिटे कोणी हलले नाही.

पास नसल्यामुळे दस्तगीर माझ्या शेजारी, मागून तिसऱ्या रांगेत बसले होते. ते मंचाकडे नाही, वादकाच्या गालाकडे पाहत होते.

“गालात हवा धरतोय आन् नाकानं दम घेतोय,” ते हळूच म्हणाले. “आपलंच काम हाय हे.”

दहाएक मिनिटांनी ते पुन्हा माझ्याकडे वळले.

“सूर झाक लावलाय गड्यानं. पण सनई कवा येणार?”

सनई येणार नाही, हेच वादन आहे, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली. शेवटपर्यंत बघतो, म्हणाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले तेव्हा ते बसूनच होते. संपले असे त्यांना वाटले नव्हते.

शनिवार

कोल्हापूरची मिसळ आणि नागपूरचे तर्री-पोहे यांची तुलना करू नये, असे मला जाण्यापूर्वी बजावण्यात आले होते. तरी नोंदवतो. आमची तर्री पोह्यांवर येते आणि पोह्यांना विचारून येते. इथला कट भांड्यात वेगळा येतो, हवा तेवढा घ्या असे सांगितले जाते, आणि मग वाढणारा उभा राहून तुम्ही किती घेता ते पाहतो. मी दोन पळ्या घेतल्या. तो म्हणाला, “पावणं, त्येला दुखतंय व्हय? घाला की.”

कलाकारांचा नाश्ता सभागृहामागच्या मांडवात होता. डॅनियल एका टेबलाशी एकटे बसले होते. त्यांनी मिसळीतला पाव संपवला होता आणि बाकीचे बाजूला सरकवले होते. दस्तगीर थेट त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि मला हाताने बोलावले.

“ह्यांस्नी इचारा, दम घ्यायला कुटं शिकलं?”

मी दुभाष्याचे काम केले. डॅनियल म्हणाले, लहानपणी, नळीने पाण्यात बुडबुडे काढत. पाण्यातले बुडबुडे थांबले की काका टपली मारायचे.

दस्तगीर यांनी भाषांतर संपायची वाट पाहिली नाही. समोरचा पाण्याचा पेला ओढला, सरबताच्या टेबलावरून एक नळी आणली आणि बुडबुडे काढायला सुरुवात केली. डॅनियल यांनी दुसरी नळी मागवली. दोन डोकी दोन पेल्यांवर वाकली. मांडवात हळूहळू गर्दी जमली. बल्गेरियाच्या गायिका घड्याळ लावून उभ्या राहिल्या. मोरोक्कोच्या तिघांनी टेबलावर ठेका धरला. पाण्याचे शिंतोडे उडून दोन्ही पेले निम्म्यावर आले तरी कोणी थांबेना. शेवटी कट वाढणारा पुढे झाला.

“आवो, पाणी संपलं की आता. हार-जीत न्हाय, बरोबरीत सोडवा.”

गर्दी पांगल्यावर डॅनियल यांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. त्यांच्या वस्तीत यिडाकी एकटी वाजत नाही. गाणारा माणूस पुढे असतो, त्याच्या हातात दोन काठ्या असतात. तो काठीवर काठी मारून गाणे सुरू करतो आणि थांबवतो. यिडाकी वाजवणारा बाजूला बसून त्याच्या मागे जातो. त्यांच्याकडे गातात ते काका. परदेशातून बोलावणी येतात ती मात्र यिडाकीला. काकांना कोणी बोलावत नाही. काल रात्री त्यांनी फोनवर काकांना विचारले, आज मी काय वाजवले असेल सांगा. काका म्हणाले, अर्धे.

दस्तगीर यांना हे सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले. “म्हंजे तिकडचं लोक सूर बलिवत्यात आन् सनई घरी ठिवत्यात! बशीरला सांगायला पायजे.”

पण बशीर त्या वेळी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. परदेशी संस्थेचे उत्तर सकाळीच आले होते आणि ते नकाराचे होते. मानसीताई ते सांगायला स्वतः खोलीवर गेल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या आणि बशीर पिशवी भरत होते.

“चाचांना पहिल्या रांगेत खुर्ची देते,” मानसीताई म्हणाल्या. “अगदी मधली. मंत्र्यांसाठी ठेवलेली.”

“ते सुराला हायती का टाळ्या वाजवायला?” बशीर म्हणाले.

दस्तगीर खाटेवर बसले आणि त्यांनी धाकट्याच्या हातातली पिशवी खाली ठेवली. दोघे एकमेकांशी घरची दखनी बोलतात. या वेळी बहुधा आमच्यासाठी ते मराठीत बोलले.

“बशीर, चाळीस वर्सं म्या तुज्या उजव्या हाताला बसतोय. व्हय का न्हाय?”

“व्हय.”

“सनईचं तोंड कुटं असतंय? फुडं. आवाज जातोय लोकांकडं. म्या मागं. वर माज्या डोस्क्यात माजाच सूर भरल्याला असतोय. तू काय वाजिवतोस त्ये मला तुज्या बोटावरनं कळतंय, कानावरनं न्हाय.” त्यांनी पिशवीकडे बोट केले. “सगळा तालुका म्हणतोय बशीरची सनई लई ग्वाड. म्या कदी ऐकलीच न्हाय रं.”

बशीर खाटेच्या दुसऱ्या कडेला बसले.

“एवढा एक डाव ऐकू दे. ताई मधली खुर्ची देत्यात. यंत्राला धरू दे सूर. तू बजा रे, मैं सुनतूँ सामने से.”

शेवटचे वाक्य दखनीत होते. मानसीताई खोलीबाहेर गेल्या. बराच वेळ बशीर पिशवीच्या बंदाशी खेळत राहिले. मग त्यांनी विचारले, यंत्र कुठे आहे, आवाज ऐकायचा आहे. हा होकार होता.

दुपारी ध्वनिचाचणीत यंत्राचा सूर सनईशी जुळवून घेतला. दोन मिनिटे वाजवून पाहिले. तंत्रज्ञाने अंगठा वर केला. बशीर यांनी सनई पिशवीत घातली आणि ‘बगू’ एवढेच म्हणाले.

जेवणात तांबडा आणि पांढरा रस्सा होता. आमच्या सावजी रश्श्याला एकच रंग असतो आणि त्याच्याशी काय करायचे ते स्पष्ट असते. इथे मला पांढरा आधी प्यायला दिला, नंतर तांबडा, नंतर पुन्हा पांढरा, आणि कारण विचारल्यावर “तसंच असतंय” असे उत्तर मिळाले. सायंकाळी शाहूवाडीच्या डोंगरातून आलेल्या धनगरांचे ढोल झाले. त्यांना वीस मिनिटे दिली होती. त्यांनी पस्तीस घेतली. घंटा दोनदा वाजवून झाली. प्रमुखाने दुसऱ्या घंटेला मंचावरूनच उत्तर दिले, “हाय, हाय, ऐकतोय,” आणि चालू ठेवले. मंगोलियाचा गायक, ज्याचा वेळ त्यात गेला, पडद्याआड उभा राहून ढोलाच्या तालावर मान हलवत होता.

रविवार

वादन सकाळी अकराला होते. दोघांनी गुलाबी फेटे बांधले होते. एकमेकांचे फेटे त्यांनीच बांधले, रोजच्यासारखे, आणि मग बशीर मंचामागे गेले आणि दस्तगीर पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर येऊन बसले. शेजारची खुर्ची मला मिळाली. मांडीवर त्यांची कापडी पिशवी होती.

“सूर आणलात?”

“खोलीवर टाकून यायचं व्हय? वाद्य हाय त्ये.”

पडदा उघडला. मंचावर बशीर, त्यांच्या डावीकडे महोत्सवाने दिलेला शहरातला तबलजी. उजवीकडची जागा रिकामी होती. बशीर सवयीने ती सोडूनच बसले होते. यंत्राचा सूर दोन्ही बाजूंच्या मोठ्या ध्वनिक्षेपकांतून आला, गुळगुळीत आणि एकसारखा. सनई सुरू झाली.

सनईबद्दल मला तज्ज्ञासारखे काही सांगता येणार नाही. एवढे नोंदवतो की पहिल्या मिनिटातच मागची कुजबुज थांबली. सकाळचा राग होता. स्वर एकेक करून, घाई न करता, पुढे ठेवले जात होते. दस्तगीर यांनी दोन्ही तळवे पिशवीवर पालथे ठेवले होते आणि मान थोडी उजवीकडे झुकवली होती. ते भावाकडे पाहत नव्हते. डोळे उघडे होते, पण समोर मंचाच्या लाकडी कडेवर होते. एकदा त्यांनी ओठ आवळले. एकदा, सनई वरच्या स्वरावर जाऊन तिथे थांबली तेव्हा, त्यांच्या तोंडून हुंकार आला आणि त्यांनी लगेच इकडेतिकडे पाहिले.

चौथ्या मिनिटाच्या सुमाराला काहीतरी बिघडले. मला आधी कळले नाही, दस्तगीर यांना कळले. त्यांची मान सरळ झाली.

“चढली,” ते म्हणाले.

सनईत जिच्यातून फुंकतात ती पत्ती ताडाच्या पानाची असते. श्वासाने ती आणि लाकडी नळी तापते, आणि सनईचा स्वर केसभर वर जातो. प्रत्येक वादनात असे होते. सूर धरणाऱ्याचे वाद्यही तसेच तापते; उरलेला फरक तो ओठांनी भरून काढतो आणि सनईच्या बरोबर वर सरकतो. ऐकणाऱ्याला यातले काही कळत नाही. यंत्र तापत नाही. ते काल जुळवलेल्या जागीच होते.

आता फरक मलाही ऐकू येऊ लागला. दोन स्वर एकमेकांना घासत होते. सभागृहाच्या मागच्या टोकाला तंत्रज्ञाने यंत्राची कळ फिरवली. पण त्या कळीने स्वर सरकत नाही, उडी मारतो. तो सनईच्या पुढे गेला. तंत्रज्ञाने उलटे फिरवले, तो मागे पडला. कोणीतरी खोकले. बशीर यांनी सनई न थांबवता उजवीकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते.

दस्तगीर यांनी पिशवी उघडली. आतून एक चपटी डबी काढली, डबीतून पत्ती काढली आणि जिभेवर ठेवली. कोरडी पत्ती बोलत नाही, ती भिजावी लागते. त्याला मिनिटभर लागते. तेवढा वेळ ते तोंड मिटून, हातात बिनभोकाचे वाद्य घेऊन बसून राहिले आणि सनई ऐकत राहिले. मंचावर बशीर एकाच स्वरावर थांबून तो लांबवत होते.

मग दस्तगीर यांनी पत्ती बसवली, गाल फुगवले, आणि सूर लावला.

पहिल्या रांगेतून, माझ्या कानापासून दोन हातांवर. सुराला माइकची गरज नसते; तो उघड्या मैदानात वरातीपुढे चालण्यासाठी केलेला आहे. मागच्या लोकांना आवाज कुठून आला ते कळेना, काही जण उभे राहिले. तंत्रज्ञाने क्षणभर वाट पाहिली आणि यंत्र बंद केले. बशीर यांनी समोर पाहिले. चाळीस वर्षांत त्यांनीही भावाला सूर धरताना समोरून पाहिले नसावे. त्यांनी सनई पुन्हा पहिल्या स्वरावर आणली आणि तिथून सुरुवात केली.

पुढे अठरा मिनिटे वादन झाले. ते कसे झाले हे मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण माझ्या डोक्यात सूरच भरला होता आणि सनई त्याच्या पलीकडून, लांबून येत होती. दस्तगीर यांची नजर भावाच्या बोटांवर होती. तिसऱ्या रांगेत बसलेले डॅनियल पुढे वाकले होते आणि त्यांचे गाल दस्तगीर यांच्या गालांबरोबर हलत होते.

सनई थांबली. टाळ्या सुरू झाल्या. सूर टाळ्यांखाली आणखी थोडा वेळ चालू राहिला आणि मग थांबला. बशीर यांनी उठून हाताने पहिल्या रांगेकडे निर्देश केला. दस्तगीर पत्ती पुसत होते, त्यांनी वर पाहिले नाही.

मंचाच्या पायऱ्यांशी मानसीताई फाइल छातीशी धरून उभ्या होत्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांपैकी एक जण त्यांना काहीतरी विचारत होता.

“ते मंचावर नव्हते,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “प्रेक्षक होते. प्रेक्षकांचं संमतीपत्र घेत नाही आपण.” तो आणखी काही बोलू लागला तेव्हा त्या मराठीत म्हणाल्या, “आता तू गप बस की रं.” त्याला मराठी येत नव्हती, पण तो गप्प बसला.

दुपारी मी दोघांबरोबर बसस्थानकापर्यंत गेलो. बशीर मुरगूडच्या गाडीची चौकशी करायला गेले. दस्तगीर बाकावर बसले. फेटा सोडून त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला होता.

“समोरून कशी वाटली सनई?” मी विचारले.

“चार मिन्टं ऐकली.” त्यांनी चार बोटे दाखवली. “मग कामाला लागलो.”

“पण कशी वाटली?”

“ग्वाड हाय. लोक म्हणत्यात त्ये खोटं न्हाय.” ते थांबले, आणि चौकशीच्या खिडकीकडे पाहून आवाज खाली आणला. “पण पावणं, वरनं खाली येताना गडी घाई करतोय. पायऱ्या गाळतोय. चढताना कसा, एकेक पायरी. उतरताना धाडदिशी. मागं बसून मला कदी कळलंच न्हाय. चाळीस वर्सं सगळ्या तालुक्यानं ऐकलं आन् एकानं सांगितलं न्हाय.”

“तुम्ही सांगणार?”

“सांगायला पायजे. पण आज न्हाय. आज खूश हाय त्यो. आन् गाडीत तर नगंच, लोकं असत्यात.”

बशीर परत आले. “काय म्हणत्यात भाईजान?” त्यांनी मला विचारले.

“चांगलं वाजिवलंस म्हणतोय,” दस्तगीर म्हणाले.

गाडी लागली. बशीर आधी चढले आणि खिडकीजवळची जागा भावासाठी धरली. दस्तगीर यांनी दारातून वळून मला मुरगूडला यायचे आमंत्रण दिले, आणि येताना जेवून येऊ नका, असे बजावले. गाडी मागे घेताना दहा-बारा माणसे एकाच वेळी चालकाला सूचना करत होती, त्यामुळे तिला वेळ लागला. मी फलाटावर उभा होतो. काचेआड दस्तगीर बोलत होते, हात हवेत वरून खाली आणत. बशीर यांनी एकदा त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग मान खाली घातली. गाडी वळली तेव्हा बशीर यांचे दोन्ही हात छातीसमोर होते, सनई धरल्यासारखे, आणि एकेक बोट सावकाश खाली टेकत होते.